अंगठ्याची जागा

उदगीरच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला
मौलासाबचं भंगाराचं दुकान आहे.
दुकान कसलं, एक पत्रा, आणि त्याच्याखाली
किलोनं विकायला ठेवलेली दुसऱ्यांची घरं:
नळाच्या तोट्या, वाकलेली परात, लंगडी समई,
पानदानांची झाकणं, ज्यांचे डबे आधीच वितळले.

दर गुरुवारी मी तिथं उकिडवी बसते.
"क्या ढूंडरे बाजी?"
मला माहीत नसतं. सापडल्यावर कळतं.

मागं एकदा गुलाबदाणीची मान सापडली,
चेपलेली, पण गळ्याशी बारीक वेल.
तिच्यावरून मी झुब्यांच्या बारा जोड्या केल्या
आणि वेलीचं एक पान मुद्दाम उलटं वळवलं,
कारण मूळ कारागिराचंही तिथं चुकलं होतं.
किंवा चुकलं नव्हतं. आता कुणाला विचारणार?

या खेपेला अडकित्ता.
पितळेचा, दोन मोरांचा, एका मोराला डोळा नाही.
पातं बोथट, खिळा ढिला.
मौलासाबनं तराजूत टाकला, कांदा टाकावा तसा.

घरी रिठ्याच्या पाण्यात उकळला, चिंचेनं घासला.
काळ्यातून हळूहळू पिवळं उजाडलं:
पिसाऱ्यात ठिपके, ठिपक्यांत ठिपके,
पाठीवर खवले, खवल्यांखाली पिळाचा दोरा,
आणि मग एकदम काहीच नाही.
गुळगुळीत, चिंचोक्याएवढी जागा.
वाटलं, मीच जास्त घासलं.
मग तो हातात धरला, सुपारी फोडायला धरतात तसा,
आणि माझा अंगठा
नेमका तिथं जाऊन बसला.

एवढी नक्षी पुसायला किती सुपाऱ्या लागल्या असतील?
साखरपुड्यांच्या, बारशांच्या,
तेराव्यानंतर ओसरीवर गप्प बसलेल्या माणसांच्या.
शिवाय एकटीनं, दुपारी, उगीच फोडलेल्या.

आमच्यात सोनारकी नाही.
धाकटा दीर मोटारी भरतो,
जळालेल्या मोटारीची तांब्याची तार माझ्या वाट्याला येते.
त्यावरच शिकले. भाजले, शिकले.
पदकासाठी मात्र पत्रा विकत आणला,
राळेवर बसवला, आणि खिळ्याला धार लावून केलेल्या छिन्नीनं
मोर उतरवायला बसले.
टक टक. शेजारची म्हणाली, रात्री पाल बोलती का काय तुमच्या घरी.

पहिलं पदक सगळं भरून काढलं.
खवल्याला खवला, कुठं बोट ठेवायला जागा नाही.
चांगलं दिसत होतं. मेलेलं होतं.
दुसऱ्यात तेवढी जागा सोडली
आणि हात आवरायला अर्धा दिवस गेला.
भरायची सवय असते हाताला.

बचतगटाच्या प्रदर्शनात भाग्यवंती बिरादारनं ते उचललं.
खाकी साडी, खांद्याला पिशवी, एसटीत वाहक.
"ताई, हिथं काम ऱ्हायलंय की. पन्नास कमी करा."
मी तोंड उघडलं. काय सांगणार होते,
की तिथं एक बाई आहे?
पन्नास कमी केले.

परवा अहमदपूरच्या गाडीत तीच होती.
मशीन कुरकुरत तिकिटं काढत पार मागपर्यंत गेली,
सुट्ट्यांवरून एकाशी भांडली,
मग शिरूर ताजबंदच्या अलीकडं
दाराशी, दांड्याला टेकून उभी राहिली.
नजर बाहेर, सोयाबीनच्या रानावर.
हात गळ्याशी गेला.
अंगठा पदकावर, पुढं मागं, पुढं मागं.

मी ओळख दिली नाही.

उतरताना जवळून पाहून घेतलं:
ती जागा अजून जराशी खरखरीतच आहे,
माझ्या कानशीचे ओरखडे दिसतात उन्हात.
राहू दे.
पितळेपेक्षा तांबं मऊ असतं,
आणि ही गाडी रोज दोन फेऱ्या करते.